दुआर्तेचा तिसरा आठवडा

शशिकांत आजगावकर गेले त्या संध्याकाळी मी त्यांच्या नावावर हसण्याचं चिन्ह पाठवलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना मी दुसऱ्या कुणाला दोष देतोय असं वाटायला नको.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, 'शेवटची टोळी' नावाचा. सायकल शर्यतींचं वेड असलेली अकरा माणसं. नाशिकचे चार, पुण्याचे तीन, कोल्हापूरचा एक, आणि आम्ही तिघं इकडचे. मी मीरा रोडचा, शशिकांत भाईंदर पूर्वेला जेसल पार्कचे, आणि कॅजिटन मुनीस पालीचा, उत्तनच्या अलीकडे समुद्रावर गाव आहे ते. युरोपातल्या मोठ्या शर्यतींत घाटांच्या दिवशी मागे पडलेले सायकलस्वार एकत्र येतात आणि एकमेकांना सांभाळत, वेळ संपायच्या आत कसेबसे पोचतात. आम्ही स्वतःला त्यांच्यातलेच समजायचो, म्हणून हे नाव. ग्रुप काढला होता नाशिकच्या जितेंद्रने. मी कुणालाच भेटलो नव्हतो. मीरा रोडहून जेसल पार्क रिक्षाने वीस मिनिटं, तरीही नाही. 'एकदा भेटूया' असं मात्र दर दिवाळीला लिहायचो.

ग्रुपात वाद एकच चालायचा, दुआर्ते मोन्तेरोचा. पोर्तुगालचा हा पोरगा, एका पाववाल्याचा मुलगा, अंगाने काडी, घाट चढायला लागला की बघत राहावं असा. आठवडाभराच्या शर्यती त्याने सहा-सात जिंकल्या होत्या. पण खऱ्या मोठ्या शर्यती तीनच, इटलीची, फ्रान्सची आणि स्पेनची, आणि त्या चालतात तीन-तीन आठवडे. त्यांत दुआर्ते दोन आठवडे पहिल्या पाचात असायचा आणि तिसऱ्या आठवड्यात कोसळायचा. दर वेळी.

शशिकांतचं म्हणणं, हा एक दिवस मोठी शर्यत जिंकणारच. वय आहे, चढ आहे, फक्त चांगला संघ मिळू दे. कॅजिटनला हे अजिबात पटायचं नाही. शशिकांत टाइप करायचे, शुद्ध, पूर्णविरामासकट. कॅजिटन बोटींच्या इंजिनांचं काम करायचा, हात कायम काळे, त्यामुळे तो बोलूनच पाठवायचा. "शशी, तो आठवड्याचा मानूस हाय. म्हयन्याचा न्हाय. लिहून ठेव." चार वर्षं हे दोघं रोज भांडत होते आणि आम्ही बाकीचे मजा बघत होतो.

हे मी सांगतोय ते शशिकांतच्या पत्नीबद्दल, शुभदाताईंबद्दल. त्यांना मी नंतर भेटलो, आणि बरंचसं त्यांनीच मला सांगितलं.

शुभदाताई पोस्टात होत्या, काउंटरवर, चौतीस वर्षं. शशिकांत बॅलार्ड पिअरला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात. लग्नानंतर काही वर्षं गिरगावात एका खोलीत काढली आणि मुलगी रसिका सहा महिन्यांची असताना जेसल पार्कला आले. रसिका आता पुण्यात नोकरी करते. दोघंही निवृत्त झाल्यावर घरातली संध्याकाळ ठरून गेलेली होती. शुभदाताई बाहेरच्या खोलीत टीव्ही लावायच्या आणि शशिकांत आतल्या खोलीत कानात इअरफोन घालून मोबाइलवर शर्यत बघायचे. त्याला शुभदाताई 'ह्यांचं ते सायकलचं' म्हणायच्या. साडेआठ-पावणेनऊला ते बाहेर येऊन जेवायला बसायचे. त्यांच्या चेहऱ्यावरून आज काय झालं असेल ते कळायचं, पण कोण जिंकलं हे शुभदाताईंनी कधी विचारलं नाही आणि शशिकांतनीही कधी सांगितलं नाही.

मेच्या मध्याला शशिकांतना ताप आला. तो उतरेना, धाप लागायला लागली, आणि शनिवारी त्यांना भाईंदरच्याच एका हॉस्पिटलात आयसीयूत ठेवलं. मोबाइल शुभदाताईंच्या पर्समध्ये गेला, बंद करून. मंगळवारी, एकवीस मेला, संध्याकाळी पावणेपाचला ते गेले. वय अडुसष्ट.

त्याच मंगळवारी इटलीच्या शर्यतीचा तिसरा आठवडा सुरू झाला आणि दुआर्ते पहिल्याच घाटात मागे पडला. अकरा मिनिटं गमावली. सव्वाआठला कॅजिटनचा आवाज ग्रुपवर आला, "काय शशी, कुठं लपून बसलास? गेला तुझा दुआर्ते! अरे बोल ना, जीभ गेली काय तुझी?" त्याखाली आम्ही सगळ्यांनी हसण्याची चिन्हं टाकली. माझं चौथं होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गॅसच्या कनेक्शनवरचं नाव बदलायचं होतं, त्यासाठी ओटीपी शशिकांतच्या मोबाइलवर येणार होता. शुभदाताईंनी फोन चार्ज करून चालू केला. तो बराच वेळ थरथरत राहिला. एकशे त्रेचाळीस मेसेज. दोन आठवडे आम्ही शशिकांतची थट्टा करत होतो. 'शशिकांतराव, तोंड दाखवा.' 'काकांनी सिम बदललं वाटतं.' 'दुआर्तेबरोबर तेही शर्यत सोडून गेले.'

शुभदाताईंनी लिहायला घेतलं, 'श्री. शशिकांत आजगावकर यांचं दि. २१ मे रोजी', आणि त्यांचं बोट थांबलं.

"दोन आठवडे सगळीकडे तेच ऐकत होते," त्या मला म्हणाल्या. "दारात येणारा प्रत्येक जण, प्रत्येक फॉर्म. मयत, मयत, मयत. आणि इथं तुम्ही लोक त्यांना ओरडत होता, अजून का आला नाहीत म्हणून. जगात एवढी एकच जागा उरली होती जिथं त्यांना फक्त उशीर झाला होता."

त्यांनी लिहिलेलं खोडलं आणि टाइप केलं, 'तब्येत बरी नव्हती. आलो परत.'

पाच मिनिटांत कॅजिटनचं उत्तर आलं. "अरे देवा, आजारी व्हतास? सांगायचं न्हाय का? मी आपला शिव्या घालत बसलो. आधी बरा हो. भांडायला काय, आख्खा पावसाळा पडलाय."

शुभदाताईंनी ते तीनदा ऐकलं. त्या घरात शशिकांतना इतक्या प्रेमाने कुणी हाक मारल्याचं बऱ्याच दिवसांत त्यांनी ऐकलं नव्हतं. स्वतःचाही आवाज त्यात धरून, असं त्या म्हणाल्या.

नंतर त्या जुनं वाचत गेल्या. चार वर्षांचं सगळं, रोज दुपारी थोडं थोडं. हा माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता. घरात चार वाक्यांत दिवस संपवणारे शशिकांत इथं पानंच्या पानं लिहीत होते, चिडवत होते, कोट्या करत होते. एका ठिकाणी कॅजिटनने विचारलं होतं, "वयनी पन बघते काय रे शर्यत? माझी मॅबेल बघते. तिला कळत कायबी न्हाय, पन घाट आला की माळ जपते." शशिकांतनी लिहिलं होतं, 'मी एकटाच बघतो. हिला कधी बोलावलं नाही. दिवसभर काउंटरला माणसं झेलून यायची, वाटायचं आणखी कशाला पीडा. आता विचारायची सवय राहिली नाही.'

हे मला सांगताना शुभदाताई खिडकीबाहेर बघत होत्या. "मी पलीकडच्याच खोलीत होते हो. दार उघडंच असायचं."

जुलैत फ्रान्सची शर्यत सुरू झाली आणि शुभदाताई आतल्या खोलीत, शशिकांतच्या जागी बसून ती बघायला लागल्या. इअरफोन घातला नाही. सुरुवातीला काहीच कळत नव्हतं. दीडशे-दोनशे माणसं एका गठ्ठ्यात चाललीत, कोण पुढे, कोण मागे, जिंकायचं कुणाला. सर्वांत कमी वेळ लागलेल्याचा पिवळा शर्ट असतो, त्याला त्यांनी एकदा 'पिवळा बनियन' लिहिलं. आम्ही खूप हसलो, शशिकांतराव आजारातून उठल्यावर विनोदी झालेत म्हणून. शशिकांतची एक वही होती. प्रत्येक मोठ्या शर्यतीत दुआर्ते कोणत्या दिवशी कितवा, घाट किती लांब, हवा कशी, सगळं बारीक अक्षरात. ती वही मांडीवर घेऊन त्या बसायच्या, आणि कॅजिटन काही बोलला की वहीत शोधून उत्तर द्यायच्या. चौतीस वर्षं लोकांच्या पावत्या शोधून दिलेल्या बाई. त्यांना ते जमायला लागलं.

रसिका एका शनिवारी आली होती, तिने हे पाहिलं.

"आई, तू बाबा म्हणून लिहितेस?"

"दोन ओळी लिहिते. कुणाचं काय बिघडतंय?"

"त्यांना सांग. त्या लोकांना कळायला नको?"

"सांगेन."

"कधी?"

"ही शर्यत संपू दे," शुभदाताई म्हणाल्या. रसिकाने वाद घातला नाही. पण जाताना दारात तिने आईला घट्ट धरलं आणि म्हणाली, "आई, बाबा गेलेत. तुला माहीत आहे ना?"

"मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

शर्यतीच्या दुसऱ्या आठवड्यात शुभदाताईंना वहीत एक गोष्ट दिसली. दुआर्ते पाच मोठ्या शर्यतींत कोसळला होता. त्यांतल्या चार वेळा तो कोसळला तो विश्रांतीच्या दिवसानंतरच्या दिवशी. या शर्यतींत मध्ये दोनदा एकेक दिवस सुट्टी असते. सगळे त्या दिवशी थोडी सायकल चालवून झोपतात. पहिल्या सुट्टीनंतरही दुआर्ते थोडा मागे पडायचा, पण ते भरून काढायचा; दुसऱ्या सुट्टीनंतर उठला की त्याचे पाय चालायचेच नाहीत. म्हणजे तिसरा आठवडा, तिसरा आठवडा म्हणून आम्ही चार वर्षं जे भांडत होतो त्यात आठवड्याचा संबंध नव्हताच. त्याला थांबणं सोसत नव्हतं.

त्यांनी तारखांसकट ते ग्रुपवर लिहिलं. शशिकांतच्या नावाने, अर्थात.

मग जितेंद्रने लिहिलं, 'काका, हे कुठल्या परदेशी पत्रकारानेसुद्धा लिहिलेलं नाही.' आणि कॅजिटन बोलला, "शशी, चार वर्सांत पयल्यांदा तू कायतरी नवीन बोललास. मी इचार करतो यावर."

त्या संध्याकाळी शुभदाताई खुर्चीतून उठल्या, बाहेरच्या खोलीत आल्या, 'अहो' असं म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की त्या हे कुणाला सांगायला आल्या होत्या.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सकाळी अकराला बेल वाजली. दारात एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा, पांढऱ्या मिशीचा माणूस उभा होता. चर्चहून थेट आल्यासारखा इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी.

"शशी हाय का? मी कॅजिटन. पालीवरनं."

एकदा जितेंद्रने सगळ्यांना टी-शर्ट कुरिअरने पाठवले होते, तेव्हा शशिकांतनी इमारतीचं नाव ग्रुपवर टाकलं होतं. कॅजिटनने ते शोधून काढलं होतं. स्पेनची शर्यत सुरू होती, दुआर्तेला या वेळी प्रथमच संघाचा नेता केलं होतं, आणि त्याला वाटलं, आज समोर बसून भांडू.

शुभदाताई म्हणू शकल्या असत्या की बाहेर गेलेत. तेवढा वेळ नव्हता. दारातून समोरची भिंत दिसत होती, भिंतीवरचा फोटो, फोटोला चंदनाचा हार.

कॅजिटन त्या फोटोकडे बघत राहिला. त्याने शशिकांतचा चेहरा ग्रुपवरच्या लहानशा चित्रात पाहिला होता, तेवढाच.

"कवा?"

"एकवीस मे."

तो मनातल्या मनात दिवस मोजत होता. "मंगळवार व्हता."

"हो."

"मी त्या दिवशी बोललो व्हतो, जीभ गेली काय तुझी."

"तुम्हाला कुठं माहीत होतं? तुमचा काही दोष नाही हो त्यात."

"दोषाचं न्हाय इचारत मी, वयनी." तो अजून उंबऱ्याबाहेरच होता. "मग तीन म्हयने मी कोनाशी बोलत व्हतो?"

"माझ्याशी."

"ते विश्रांतीच्या दिवसाचं?"

"मीच लिहिलं."

कॅजिटनने पिशवी खाली ठेवली. शुभदाताई म्हणाल्या, आत या, बसा, पाणी तरी घ्या. तो हलला नाही.

"मी त्याला कधी भेटलो न्हवतो," तो म्हणाला. "पन मयताला आलो असतो ना. पाली काय लांब हाय? खांदा दिला असता. एक मेनबत्ती लावली असती. तुम्ही माझ्यासाटी तेवढंबी न्हाय ठेवलं. तो तिकडं मातीत... राखेत... आनि मी इकडं त्याला जोक सांगत व्हतो."

"माझं चुकलं," शुभदाताई म्हणाल्या.

तो जिना उतरून गेला. लिफ्टची वाट बघायलाही थांबला नाही. पिशवीत मुडदुश्या होत्या, साफ करून, बर्फात घालून. आजारातून उठलेल्या माणसाला देतात ते मासे. त्यांचं कालवण करून शुभदाताईंनी दोन दिवस खाल्लं. टाकवेना, म्हणाल्या.

दुपारी ग्रुपवर दिसलं, 'कॅजिटन मुनीस यांनी ग्रुप सोडला'. आम्ही सगळे विचारायला लागलो, काय झालं, काय झालं. पाच वाजता शशिकांतच्या नंबरवरून लांब मेसेज आला. तो सुरू होत होता, 'मी शुभदा आजगावकर, शशिकांत यांची पत्नी.'

मी तो वाचला आणि वर सरकवत सरकवत एकवीस मेपर्यंत गेलो. माझं चिन्ह तिथंच होतं.

आमच्यात कुणी काय लिहिलं ते सांगण्यासारखं नाही. बहुतेकांनी हात जोडले. कोल्हापूरचा महिपत मात्र चिडला. 'हा आमच्याशी खेळ झाला,' त्याने लिहिलं, 'कुणाच्या मरणाची बातमी लपवायचा हक्क घरच्यांनाही नसतो.' जितेंद्रने त्याला थांबवलं. त्यानंतर ग्रुप बंद पडल्यासारखा झाला. शर्यत रोज चालू होती, दुआर्ते रोज वर सरकत होता, दुसऱ्या आठवड्याअखेर तो तिसरा होता, जे त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं, आणि आमच्यातला एकही जण एक अक्षर लिहीत नव्हता. शशिकांत मे महिन्यात गेले होते. आमच्यासाठी ते त्या आठवड्यात गेले.

शुभदाताई एकट्याच बघत होत्या. त्यानंतरच्या सोमवारी दुसरा विश्रांतीचा दिवस होता. त्या दिवशी सकाळी त्यांनी साडी बदलली, भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली, आणि विचारत विचारत पालीत पोचल्या. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली की भिंतीला टेकून उभं राहावं लागत होतं. मुनीसांच्या ओट्यावर कॅजिटनची बायको मॅबेल कोळंबी सोलत बसली होती.

"तुम्ही शशीची बायको ना?" तिने न सांगताच ओळखलं. "बसा. तो शेडमधी हाय. राग हाय त्याला, पन जेवतो नीट."

शुभदाताई बसल्या. मॅबेल सोलता सोलता बोलत राहिली. "शुक्रवारी चर्चमधी त्याच्या नावानं मिस्सा वाचून घेतली आम्ही. फादरनी इचारलं, हा शशिकांत कोन? कॅजिटन बोलला, माझा भाव. फादर काय बोलनार? वाचली."

शुभदाताईंना तिथं रडू आलं. तोपर्यंत, म्हणजे शशिकांत गेल्यापासून, त्या चारचौघांत रडल्या नव्हत्या. मॅबेलने कोळंबीचे हात धुतले आणि पाणी आणून दिलं.

शेड पाचच मिनिटांवर होती, किनाऱ्याला लागून. कॅजिटन एका इंजिनावर वाकला होता. शुभदाताईंना बघून त्याने एक रिकामा डबा पालथा घातला, त्यावर फडकं टाकलं, आणि पुन्हा कामाला लागला. त्या बसल्या.

"मी माफी मागायला आलेय," त्या म्हणाल्या. "पण त्याआधी एक सांगायचंय. रसिकालाही सांगितलेलं नाही."

तो पाना फिरवत राहिला.

"हॉस्पिटलात असताना, रविवारी रात्री मला आत सोडलं. पाचच मिनिटं. तोंडावर मास्क होता. त्यांनी तो हाताने बाजूला केला आणि विचारलं, आज कोण जिंकलं. मला काय माहीत? फोन पर्समध्ये, बंद. मी म्हटलं, बोलू नका, झोपा. त्यांनी परत विचारलं. मी मास्क लावला आणि पुन्हा तेच म्हटलं, झोपा आता. मग नर्सने बाहेर काढलं. त्यानंतर ते शुद्धीत नव्हते. माझ्याशी बोललेलं शेवटचं तेच."

कॅजिटनचा पाना थांबला होता.

"त्या रविवारी कोन जिंकला व्हता, ठाव हाय तुम्हाला?"

"आता माहीत आहे. दुआर्ते."

"दुआर्ते," कॅजिटन म्हणाला. "साडेचार किलोमीटर राहिले व्हते आनि सगळ्यांना टाकून एकटा गेला. असा चढ मी त्याचा कवा बघितला न्हवता. मी शशीला येगळा मेसेज केला व्हता त्या दिवशी. ग्रुपवर न्हाय, त्याला एकट्याला."

"ऐकला मी तो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. 'मानला तुझ्या माणसाला.'"

"चार वर्सांत एकदाच बोललो असं. त्यानं ऐकला न्हाय."

"नाही."

बाहेर बोटीवर कुणीतरी हातोडा मारत होतं. कॅजिटन फडक्याने हात पुसत बसला, पुसून झाले तरी पुसत राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते, पण त्याने ते पुसले नाहीत.

"एवढं नाव घ्यायला मला किती वेळ लागला असता?" शुभदाताई म्हणाल्या. "दुआर्ते. एक शब्द."

"तुम्हाला ठावच न्हवतं, वयनी."

"ठाऊक असायला हवं होतं. बत्तीस वर्षं पलीकडच्या खोलीत होते."

खोटा दिलासा देणं त्याला जमणारं नव्हतं. तो म्हणाला, "माझा राग हाय अजून. जाईल. पन वेळ लागेल, हे सांगून ठेवतो."

"लागू दे."

"उद्या काय होनार वाटतं?"

"मागे पडेल," शुभदाताई म्हणाल्या. "सुट्टीनंतरचा दिवस."

"मनाबी तेच वाटतं."

मॅबेलने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. बसपर्यंत पोचवायला कॅजिटन आला, दोन पावलं पुढे चालत.

दुसऱ्या दिवशी दुआर्तेने सहा मिनिटं गमावली. शर्यत संपली तेव्हा तो आठवा होता. जानेवारीत बातमी आली की गुडघ्यामुळे तो सायकल सोडतोय. तिसाव्या वर्षी. आम्ही ज्यावर चार वर्षं भांडलो तो प्रश्न असाच संपला. बातमी जितेंद्रने ग्रुपवर टाकली आणि खाली कुणी काही लिहिलं नाही. आता त्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, तेवढंच.

मी दिवाळीत शुभदाताईंकडे जाऊन आलो होतो. माझंही जे सांगायचं होतं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही हसलात ते बरं केलंत. त्यांना ते आवडलं असतं."

मेमध्ये वर्षश्राद्ध झालं. कॅजिटन आणि मॅबेलला बोलावलं होतं, मलाही. नातेवाईक होते, गिरगावातले दोन जुने शेजारी, ऑफिसातले काही जण. त्यांना शशिकांत वक्तशीर म्हणून आठवत होते, शांत म्हणून आठवत होते. कॅजिटन कोपऱ्यातल्या खुर्चीत ताट घेऊन अवघडून बसला होता. जेवणं झाल्यावर रसिका त्याच्याजवळ जाऊन बसली.

"काका, बाबा तुमच्याशी काय भांडायचे?"

कॅजिटनने खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि शशिकांतचे जुने मेसेज वाचायला लागला. पालीच्या उच्चारांत, शशिकांतची ती शुद्ध, पूर्णविरामांची भाषा. 'मुनीससाहेब, आपल्या इंजिनाला जेवढं तेल लागतं तेवढंही डोकं आपण या विषयाला लावलेलं नाही.' रसिका मोठ्याने हसली. मग आणखी एक, आणखी एक. ऑफिसातली माणसं वळून बघायला लागली. चौथ्या-पाचव्या मेसेजला रसिका उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. कॅजिटनने फोन बंद केला.

निघताना आम्ही सगळे दारात उभे होतो. मॅबेल लिफ्टचं बटण दाबत होती. कॅजिटन शुभदाताईंकडे वळला.

"वयनी, एक नवीन पोरगा आलाय. बावीस वर्सांचा. बेल्जियमचा हाय, पन घाटात काय चढतो! आजच हाय त्याची शर्यत, पाच वाजता सुरू होईल. बघा. मी सांगतो, हा म्हयन्याचा मानूस हाय."

शुभदाताई हसल्या. एका हाताने दाराची कडी धरून उभ्या होत्या.

"नाही हो कॅजिटनभाऊ," त्या म्हणाल्या. "ते ह्यांचं होतं. मला आता नाही जमायचं."

त्याने एकदा त्यांच्याकडे नीट बघितलं. "बराबर हाय," म्हणाला, आणि मॅबेलच्या मागे लिफ्टमध्ये शिरला.

शुभदाताई आत गेल्या. गिरगावचे पाहुणे अजून बसले होते, त्यांना चहा हवा होता.